बंदूक आणि बहुमत



१९६३ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या डॅलस शहरात राहणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाने मासिकातल्या जाहिरातीखालचे कूपन कापले, त्यावर खोटे नाव घातले, २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर जोडली आणि पाकीट शिकागोतल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाकडे रवाना केले. थोड्याच दिवसांत त्याच्या टपालपेटीत पार्सल आले. आत इटलीत बनलेली एक जुनी लष्करी रायफल होती, वर दुर्बीण बसवलेली. तू कोण, कुठला, कशाला हवी, असे कोणी विचारले नाही. आपल्याकडे एके काळी लोक बियाणे, पुस्तके, औषधे मनीऑर्डर करून मागवीत, तशी ही बंदूक घरपोच आली. त्या तरुणाचे नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा खून झाला तो याच रायफलीने, असा पुढे चौकशी आयोगाने निर्णय दिला.

जिच्यावर राष्ट्राध्यक्षाचा प्राण गेला ती बंदूक टपालाने आलेली होती हे कळल्यावर तो देश दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाने बंदुका पाठवणे बंद करील, असे तुम्हांआम्हांला वाटेल. तसे झाले नाही. टपाली विक्रीवर निर्बंध घालणारे एक विधेयक तर खुनाच्या आधीपासूनच सिनेटपुढे पडून होते. सिनेटर थॉमस डॉड यांनी ते आणले होते. ते पाच वर्षे रखडले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, जूनमध्ये केनेडींचे धाकटे बंधू रॉबर्ट यांचा झाला, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा झाला. तोही अर्धामुर्धा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक बंदूकधारकाला परवाना हवा होता. या दोन्ही गोष्टी संसदेने वगळल्या. (अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या नावाशी घोटाळा नको म्हणून मी संसदच म्हणेन.) कायद्यावर सही करतानाच जॉन्सन यांनी आपली नाराजी बोलून दाखवली.

तेव्हापासून आजपर्यंत ही गोष्ट पुनःपुन्हा घडत आली आहे. शाळेत, बाजारात, प्रार्थनामंदिरात कोणी माथेफिरू बंदूक घेऊन शिरतो, मुलेमाणसे मरतात, सारा देश हळहळतो, संसदेत विधेयक येते, आणि बहुतेक वेळा तिथेच गाडले जाते. २०२१ या एका वर्षात त्या देशात ४८,८३० माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांचा २०१७ सालचा एक मान्यवर अंदाज ३९ कोटींहून अधिक आहे, म्हणजे माणसे कमी आणि बंदुका जास्त. आणि नवल असे की बंदूक विकण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाची चौकशी व्हावी का, असे लोकांना विचारले तर पाहणीत शंभरातले नव्वदच्या आसपास लोक हो म्हणतात. लोकशाहीत नव्वद लोकांना हवी असलेली गोष्ट होत नाही, ती का?

याचे पहिले उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. ‘पैसा हो! बंदुका विकणाऱ्यांनी पुढारी विकत घेतले आहेत.’ मीही वर्गात पुष्कळ वर्षे हेच उत्तर देत होतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. औषधकंपन्या वॉशिंग्टनमध्ये पुढाऱ्यांच्या मनधरणीवर जो खर्च करतात त्यापुढे बंदूकवाल्यांचा खर्च किरकोळ वाटावा असा आहे. नॅशनल रायफल असोसिएशन नावाची जी संस्था या बाबतीत नेहमी दोषी धरली जाते, ती १८७१ साली निघाली ती नेमबाजी शिकवण्यासाठी. यादवी युद्धात आपल्या शिपायांचा नेम धड लागत नाही हे पाहिलेल्या सैन्यातल्या माणसांनी ती काढली. १९३४ साली मशीनगनवर जबर कर बसवणारा पहिला राष्ट्रीय कायदा झाला, तेव्हा या संस्थेच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे, जो तो उठून बंदूक घेऊन हिंडेल हे आपल्याला पसंत नाही, असे स्वच्छ सांगितले होते. पुढे १९७७ साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या सभासदांनी जुन्या कारभाऱ्यांना एका रात्रीत खाली खेचले आणि संस्थेचे तोंड राजकारणाकडे वळवले. हे बंड पैसेवाल्यांचे नव्हते, साध्या वर्गणीदारांचे होते. अलीकडे ही संस्था पार खिळखिळी झाली आहे. २०२४ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने तिचे अनेक वर्षांचे सूत्रधार वेन लापियर यांच्यावर संस्थेचा पैसा उधळल्याचा ठपका ठेवला. तरीही नव्वद टक्क्यांना हवा असलेला कायदा पुढे सरकलेला नाही. म्हणजे अडसर तिजोरीपेक्षा खोल कुठेतरी आहे.

तो शोधायचा तर आपल्याला खेड्यात जावे लागेल. अमेरिकेतही खेडी आहेत हे आपण सिनेमे पाहून विसरतो. वायोमिंग नावाचे राज्य घ्या. महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून थोडा मोठा मुलूख आणि एकूण माणसे पावणेसहा लाख. शेजाऱ्याचे घर मैल-दोन मैलांवर, पोलीसठाणे कुठल्या कुठे. रात्री कोणी दार ठोठावले तर फोन करून शेरीफ येईपर्यंत काय व्हायचे ते होऊन जाते. कुरणात वासरांवर लांडगे येतात. अशा घरात बंदूक ही कुऱ्हाड-कोयत्यासारखी एक वस्तू असते. शिवाय तिला घरपण चिकटलेले असते. बाप मुलाला बारा-तेरा वर्षांचा झाला की पहाटे उठवून हरणाच्या शिकारीला नेतो. पेन्सिल्व्हानियाच्या ग्रामीण भागात हरणांचा हंगाम सुरू होई त्या दिवशी कित्येक शाळांना रीतसर सुटी असे. सुगीच्या दिवसांत ज्यांचा वर्ग ओस पडतो अशा आपल्याकडच्या शिक्षकांना त्यातली सोय चटकन कळेल. आजोबांची बंदूक नातवाकडे येते. आपल्याकडे देवघरातले टाक यावेत तशी. अशा माणसाला वॉशिंग्टनहून कोणी सांगू लागला की तुझी बंदूक ही समाजाची डोकेदुखी आहे, तर त्याला त्यात कायदा ऐकू येत नाही, अपमान ऐकू येतो.

उलट शिकागोच्या किंवा बाल्टिमोरच्या एखाद्या वस्तीत ‘बंदूक’ हा शब्द उच्चारला तर आईच्या डोळ्यांपुढे हरीण येत नाही. कोपऱ्यावर पडलेले शेजारच्या पोराचे प्रेत येते. एकच शब्द, दोन मुलूख, दोन अर्थ. इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण वर्तमानपत्रांत ती मागे पडते. मघाशी सांगितलेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या आहेत. आणि बंदुकीने स्वतःचा जीव घेण्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. ज्या घरात ती चोरांसाठी, लांडग्यांसाठी ठेवलेली असते, त्याच घरातला माणूस एखाद्या वाईट रात्री तिच्याकडे हात नेतो. पण या मृत्यूंसाठी मोर्चे निघत नाहीत. घरातल्या दुःखावर घर पडदा टाकते, तिकडेही आणि इकडेही.

आता इतिहासाकडे पाहू. एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनमधून इंग्रजांची पलटण काँकर्ड गावाकडे निघाली ती तिथला शस्त्रसाठा ताब्यात घेण्यासाठी. वाटेत शेतकऱ्यांनी आपापल्या बंदुका घेऊन तिला अडवले आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. हा धडा तिथे प्रत्येक मूल शाळेत शिकते. शस्त्रे काढून घ्यायला येतो तो जुलमी राजा, हे समीकरण पाटीपेन्सिलीबरोबरच मनात बसते. १७९१ साली राज्यघटनेला जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली तिचे इंग्रजी वाक्य सत्तावीस शब्दांचे आहे. पूर्वार्धात सुव्यवस्थित नागरी सेनेची गरज सांगितली आहे आणि उत्तरार्धात शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क. हा हक्क सेनेपुरता की ज्याच्या त्याच्या घरापुरता, यावर दोनशे वर्षे वाद झाला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हक्क व्यक्तीचा आहे, मात्र त्यावर काही मर्यादा घालता येतात. त्या मर्यादा कोणत्या, हे भांडण अजून चालू आहे.

आपण यावर हसायचे कारण नाही. शस्त्रहीन होण्याचा अपमान आपणही भोगलेला आहे. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना तीतून सूट दिली. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना काढलेल्या पत्रकात गांधीजींनी, होय गांधीजींनीच, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरेल अशा अर्थाचे लिहिले होते. अमेरिकेतले बंदूकसमर्थक हे वाक्य आजही मोठ्या आवडीने वापरतात. भरतीपत्रकातले आहे, एवढे मात्र सांगायचे विसरतात. १९३१ च्या कराचीच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांना धरून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग आपली वाट कुठे फुटली? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा की परक्या राज्यात ही मागणी का झाली हे समजते, पण आता सरसकट प्रत्येकाला असा हक्क दिला तर तो चोरादरोडेखोरांनाही पोचेल. आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. सूचना पडली. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात शस्त्रांचा उल्लेख आला तो एवढाच, की नागरिकांना शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमता येईल.

एवढ्याशा फरकाचा परिणाम केवढा! आपल्याकडे बंदूक ही परवान्याची बाब राहिली. १९५९ च्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका असाव्यात असे ठरले, पण त्यावर कुठे सरकार हादरले नाही. कोकणात रानडुकरांपासून भात राखण्यासाठी पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्यांतल्या कित्येकांना बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. माणूस कुरकुरतो, ‘डुकरं काय आचारसंहिता पाळणार आहेत का?’ म्हणतो, आणि बंदूक खांद्यावर टाकून ठाण्याची वाट धरतो. प्रसंगी न्यायालयातही जातो. पण याच मुद्द्यावर मत देईन असे तो म्हणत नाही. अमेरिकेत निवडणुकीच्या तोंडावर बंदुका जमा करा, असे नुसते सुचवणाऱ्या पुढाऱ्याला ती निवडणूक शेवटची ठरेल.

हीच या विषयाची कळ आहे, असे मला वाटते. मत किती लोकांचे, यापेक्षा ते किती ताणून धरलेले, हे राजकारणात जास्त मोजले जाते. आपल्या गावचेच उदाहरण घ्या. नळयोजना व्हावी असे शंभरातल्या नव्वदांना वाटते. पण ज्याच्या बांधावरून पाइप जायचा तो एकटा रोज तहसील कचेरीच्या पायरीवर जाऊन बसतो. नव्वद जण हो म्हणून आपापल्या शेतावर गेलेले असतात. साहेबाला रोज तोंड कोणाचे दिसते? अमेरिकेत चौकशीचा कायदा हवा म्हणणारा नागरिक मत देताना महागाई बघतो, नोकऱ्या बघतो, दवाखान्याचा खर्च बघतो. विरोध करणाऱ्यांतला कडवा माणूस उमेदवाराने बंदुकीवर काय मत दिले होते ते लक्षात ठेवतो, आणि दहा पत्रे लिहितो.

पुढाऱ्यांना याचा चटका १९९४ साली बसला. त्याची पूर्वपीठिका अशी. मार्च १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी शिरली आणि ते जन्माचे अपंग झाले. दुकानदाराने गिऱ्हाइकाची आधी चौकशी करावी एवढ्या साध्या कायद्यासाठी ब्रेडी पतिपत्नी वर्षानुवर्षे झगडले. स्वतः रेगन यांनी १९९१ साली त्याला पाठिंबा दिला. कायदा झाला १९९३ मध्ये, म्हणजे गोळी लागल्यावर बारा वर्षांनी. पुढच्याच वर्षी लष्करी बनावटीच्या काही बंदुकांवर दहा वर्षांपुरती बंदी आली. आणि त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत हे कायदे करणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधिगृहातले बहुमत गेले. खुद्द सभापती टॉम फोली आपल्या मतदारसंघात पडले. सगळे पराभव बंदुकीमुळेच झाले असे म्हणता येणार नाही, पण राजकारणी माणसांनी धडा घेतला तो तोच. २००४ साली त्या बंदीची दहा वर्षे संपली, तेव्हा ती पुढे चालवायचे बळ कोणात उरले नव्हते.

त्यात भर त्या देशाच्या सिनेटची. तिथे प्रत्येक राज्याला दोन जागा, मग राज्य केवढेही असो. कॅलिफोर्नियाची माणसे सुमारे ३ कोटी ९५ लाख, त्यांचे दोन प्रतिनिधी. वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार, त्यांचेही दोन. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि गोव्याची १. अमेरिकेच्या हिशेबाने दोघांनाही दोन-दोन मिळाल्या असत्या. विरळ वस्तीची, शिकारीची, बंदुकीची राज्ये सिनेटात अशी भारी पडतात. इतकेही पुरे नाही म्हणून की काय, चर्चा लांबवत ठेवून विधेयक रोखण्याची प्रथा तिथे आहे. ती चर्चा थांबवायला शंभरांपैकी साठ मते लागतात. म्हणजे एक्कावन्न हे बहुमत पुस्तकात. व्यवहारात साठ.

या साऱ्याचा कस डिसेंबर २०१२ नंतर लागला. कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हुक नावाच्या प्राथमिक शाळेत १४ तारखेला सकाळी एक तरुण बंदूक घेऊन शिरला. वीस मुले मेली, सहासात वर्षांची. त्यांना वाचवू पाहणाऱ्या शाळेतल्या सहा बाया मेल्या. ऐकणाऱ्यांत जे शिक्षक असतील त्यांना मी अधिक काही सांगत नाही. पहिलीचा वर्ग सकाळी कसा दिसतो हे ते जाणतात.

आता तरी काही होईल असे साऱ्यांना वाटले. पश्चिम व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि पेन्सिल्व्हानियाचे पॅट टूमी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी मिळून मसुदा केला. दुकानातल्या गिऱ्हाइकाची चौकशी होतच होती. ती प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही लागू करावी, एवढीच मागणी. बंदी नाही, जप्ती नाही. मँचिन काही बंदुकीचे वैरी नव्हेत. २०१० च्या प्रचारात न आवडलेल्या एका विधेयकाच्या कागदाला रायफलीने गोळी घालतानाची स्वतःचीच जाहिरात त्यांनी केली होती! न्यूटाउनचे आईबाप वॉशिंग्टनला जाऊन एकेका सिनेटरला भेटले. १७ एप्रिल २०१३ ला मतदान झाले. बाजूने ५४, विरुद्ध ४६. बहुमत मिळाले आणि प्रस्ताव पडला. विरुद्ध मते देणाऱ्यांत अलास्का, आर्कन्सा, माँटाना आणि नॉर्थ डकोटा या ग्रामीण राज्यांचे चार डेमोक्रॅटही होते. त्यांतल्या दोघांना पुढल्या वर्षी निवडणुकीला उभे राहायचे होते. ते दोघेही पडले, ही गोष्ट निराळी.

कोणी म्हणेल, शेती आणि शिकार काय अमेरिकेतच आहे? ऑस्ट्रेलियातही आहे. रास्त शंका. एप्रिल १९९६ मध्ये तिथे पोर्ट आर्थर येथे एका माणसाने पस्तीस जणांना मारले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड पुराणमतवादी पक्षाचे, खेड्यापाड्यांतल्या मतांवर निवडून आलेले. पण दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सर्व राज्यांकडून कडक नियम मान्य करून घेतले. सरकारने मोबदला देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि वितळवल्या. शेतकरी चिडले होते. त्यांच्या एका सभेत हॉवर्ड अंगरख्याखाली गोळीरोधक जाकीट घालून बोलले. तिथे घटनेत बंदुकीचा हक्क नव्हता, आणि सरकारमधल्या खेड्यांच्या पक्षानेही आपल्याच मतदारांचा राग अंगावर घेतला. अमेरिकेतला बंदूकधारक या उदाहरणाकडे बघतो तो मात्र उलट्या बाजूने. पाहा, म्हणतो, आधी नियम, मग नोंद, मग सरकार दारात.

अगदीच काही झाले नाही असे मात्र म्हणू नये. मे २०२२ मध्ये टेक्सास राज्यातल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर महिन्याभरात संसदेने कायदा केला. एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची अधिक कसून चौकशी, धोकादायक व्यक्तीकडची बंदूक न्यायालयाच्या हुकुमाने तात्पुरती काढून घेणाऱ्या राज्यांना पैसा, आणि मानसिक आरोग्यासाठी तरतूद. सिनेटात ६५ विरुद्ध ३३. राष्ट्रीय पातळीवर जवळजवळ तीस वर्षांतला हा पहिला मोठा कायदा. आणि योगायोग बघा, ज्या दिवशी, २३ जून २०२२ ला, सिनेटने तो संमत केला, त्याच दिवशी सकाळी सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्यावर न्यूयॉर्कने शंभरावर वर्षे घातलेला निर्बंध घटनाबाह्य ठरवला. एका इमारतीत गाठ बांधली जात होती आणि समोरच्या इमारतीत सोडली जात होती.

मघाशी ‘नोंद’ हा शब्द आला. साऱ्या भांडणात बंदूकधारकाला सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटत असेल तर ती बंदीची नव्हे, यादीची. यादी झाली की जप्ती सोपी, हा त्याचा हिशेब. म्हणून १९८६ च्या कायद्यात त्याने लिहूनच घेतले की मध्यवर्ती सरकारने देशभरातल्या बंदूकमालकांचे नोंदणीपुस्तक करता कामा नये.

आपल्याकडे जमिनीचा गट नंबर सांगितला की सातबाऱ्यावर मालकाचे नाव निघते. अमेरिकेत खुनाच्या जागी बंदूक सापडली तर काय करतात, ते ऐका. पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी सरकारचे बंदुकांचा माग काढणारे केंद्र आहे. पोलीस तिथे बंदुकीचा क्रमांक कळवतात. केंद्रातला माणूस कारखान्याला विचारतो, कारखाना ठोक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, ठोक व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार आपली वही काढून गिऱ्हाइकाचे नाव शोधतो. दुकान बंद पडले असले तर त्याची दप्तरे खोक्यांत भरून या केंद्रात येतात. ती येतच असतात. कागदांची छायाचित्रे काढून ठेवली जातात. पण यंत्रात नाव घातले आणि नोंद पुढे आली, अशी सोय तिथे करायची नाही. तसे झाले तर ती यादी होईल. म्हणून कर्मचारी पडद्यासमोर बसून एक एक पान पुढे सरकवतात, हस्ताक्षर लावतात, आणि तो क्रमांक सापडेपर्यंत पुढचे पान काढतात.